पहिल्यांदा येळवसचा स्वयंपाक करणाऱ्या भाच्याला

बाळा,

काल फोनवर तू म्हणालास की आत्या, आईचा गुडघा दुखतोय, तिला उभं राहता येत नाही, यंदा येळवसचं, मार्गशीर्ष अमावस्येला शेतात पूजा आणि जेवण असतं त्याचं, सगळं मी करणार, तेव्हा मला किती बरं वाटलं ते फोनवर सांगताच आलं नाही म्हणून हे लिहायलेय. वहिनीनं तीस वर्षं ते भगोनं एकटीनं उतरवलं. आता तू उतरव, चांगलंच आहे. फक्त एक, तू म्हणालास की आई म्हणते "अंदाजानं घाल", मला अंदाज कुठून येणार. बरोबर आहे तुझं. अंदाज हा शंभरदा केल्यावर येतो, पहिल्यांदा करणाऱ्यानं मोजूनच घालायचं, आणि येळवसला तर जास्तच, कारण शेतात पांडव म्हणून मांडलेल्या दगडांना नैवेद्य दाखवल्याशिवाय आपण चव बघत नाही. चाखता येत नाही म्हणजे मीठ तिखट आधीच नीट बसलं पाहिजे. स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवायला अजिबात लाजू नकोस.

माझं लग्न झालं तेव्हा मलापण सगळे अंदाजानं घाल असंच म्हणायचे. पहिल्याच येळवसला मी भज्जीत, म्हणजे ओले दाणे, पालेभाज्या आणि बेसनाच्या भाजीत, चिंचेचा कोळ सुरवातीलाच घातला, वाटलं आंबटपणा चांगला मुरेल. दोन तास झाले तरी तुरीचे दाणे शिजेनात, शेवटी तसंच शेतात नेलं, कडब्याच्या कोपीसमोर पंगत बसली आणि दादाजी, माझे सासरे, एकेक दाणा चावत मुकाट्यानं जेवले. कुणी रागावलं नाही पण कुणी कारणही सांगितलं नाही. मला ते लई वर्षांनी कळलं, आंबट पडलं की दाण्याची साल मऊ पडत नाही. गुळाचंही तसंच, गव्हाच्या खिरीत गहू बोटानं दाबून पूर्ण मऊ लागल्याशिवाय गूळ टाकलास तर पुढं कितीही शिजव, गहू कडकच राहणार. म्हणजे चिंच आणि गूळ दोन्ही शेवटी, हे एवढं लक्षात ठेवलंस तरी अर्धा स्वयंपाक झाला.

तू म्हणालास २५ माणसं येणार. भज्जीला ओले दाणे सगळे मिळून अडीच किलो लागतील, तूर, वाटाणा, वाल, हरभरा जे मिळेल ते, आणि अर्धा किलो शेंगदाणे. सोललेला दाणा अडीच किलो हवा तर शेंगा सहा किलोच्या आसपास घे. त्यात मेथी, पालक, चुका, हरभऱ्याची भाजी, कांद्याची पात मिळून पाच जुड्या, दोन-चार गाजरं, वांगी. बेसन अर्धा किलो, चिंच २०० ग्रॅम, लसूण पाव किलो, हिरवी मिरची पाव किलो (पुण्याच्या लोकांना घेऊन येणार असशील तर १५० ग्रॅम कर), मीठ ८० ग्रॅम, कमी वाटलं तर पंगतीत वरून घेता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. दाणे आधी नुसत्या पाण्यात शिजव, मग पालेभाज्या, मग लसूण-मिरचीचं वाटण, आणि त्यानंतर बेसन. बेसन गार पाण्यात एकही गुठळी न ठेवता कालवायचं आणि एका हातानं बारीक धारेनं सोडायचं, दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. इथं कुणाला तरी सोबत उभं कर, एकट्याचं काम नाही. बेसन पडल्यावर जाळ कमी करायचा, नाहीतर पाच मिनिटांत बुडाला लागतं, आणि लागलंच तर खरडू नकोस, वरचं वर दुसऱ्या भगोन्यात काढून घे म्हणजे करपट वास सगळ्यात उतरत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी बेसनाचा कच्चा वास जातो, मग चिंच. वर लसणाची फोडणी, तेलात कंजुषी नको.

भाव पाहून भाजी घ्यायची ते नेहमीचं, येळवसला तारीख पाहून घ्यायची. तिथीनं येते ती, मार्गशीर्ष अमावस्येला. अधिक श्रावणामुळं २०२३ मध्ये आलीच नाही आणि २०२४ मध्ये दोनदा आली, ११ जानेवारीला आणि परत ३० डिसेंबरला. २०२५ ला १९ डिसेंबर. डिसेंबरात मधेच आली तर ओल्या तुरी भरपूर, जानेवारीत ढकलली गेली की तुरी वाळायला लागतात आणि ओला दाणा शोधावा लागतो, तेव्हा वाटाणा-हरभरा वाढवायचा.

आता आंबील, आणि ही मला सगळ्यात जवळची. बाकी सगळं त्या दिवशी सकाळी करता येतं, आंबील येत नाही, तिला रात्र लागते. २ वाट्या ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालव, १० वाट्या पाण्याला चांगली उकळी आली की ते ओत आणि हात थांबवू नकोस, दहा मिनिटं शिजव. मग गार होऊ दे. पूर्ण गार, कोमट नाही, कारण गरम पेजेत ताक पडलं की फुटतं आणि मग चोथा पाणी वेगळं. गार झाल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, आणि मातीच्या बिंदगीत झाकून चुलीच्या उबेला ठेव. सकाळी झाकण काढशील तेव्हा आंबट वास आधी येईल, वर बारीक बारीक बुडबुडे असतील, ते बघून घाबरू नकोस, तेच हवंय. थंडी कडक असली तर ताक आधीच थोडं आंबटसर घे. २५ माणसांना असे दोन घाणे लागतील कारण पिण्याशिवाय शेताला शिंपडायलाही तीच.

खिरीला १ किलो गहू, १ किलो गूळ. गहू जरा ओला करून कांड, नाही जमलं तर मिक्सरला दोन-तीन झटके दे, पाखडून साल काढ, रात्रभर भिजव, सकाळी कुकरला लाव. उंडे तुझी आई बसल्या जागी वळून देईल, बाजरीचं पीठ गरम पाण्यात मळायचं आणि वाफवायचे, तिच्या हातातलं ते काम काढून घेऊ नकोस. भाकरी मात्र तू थापत बसू नकोस. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेव, धपाटे आणि शेंगापोळी आदल्या दिवशीच होऊ देत.

आणि रजा. इकडं लातूर-धाराशिवला त्या दिवशी सुट्टी असते, अख्खं गाव रानात जातं, पण तुझ्या पुण्याच्या कंपनीला त्याचं काय, म्हणून रजा दोन दिवस आधीपासून टाक. पहिल्या दिवशी बाजार आणि संध्याकाळी सगळ्यांना बसवून शेंगा सोलायला लाव, लेकरांना पण, त्यांना शिकवायची हीच वेळ असते, हातात शेंग असली की गोष्टी आपोआप निघतात. दुसऱ्या दिवशी आंबील, गहू, धपाटे. अमावस्येला पहाटे चारला भज्जी चढव म्हणजे नऊ वाजता शेतात पोहोचतोस. तोवर तुझ्या बाबांना कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायला सांग, पांडव चुन्यानं रंगवून ठेवायला सांग. नैवेद्य काढून झाला की पहिलं ताट आईला दे, खुर्ची टाकून बसवायचं तिला, जमिनीवर नको.

आपली जुनी बिंदगी तडकलीय, मागच्या वर्षी गळत होती. नवी मी घेतलीय, शनिवारी गावच्या गाडीवाल्याबरोबर पाठवते. आली की रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर कोरी माती आंबील पिऊन टाकेल.

तुझी आत्या