पहिलीच्या वर्गात काय चालतं ते पालकांना कसं कळवावं?

व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज वीस-वीस फोटो टाकू नका. कुणी बघत नाही, आणि घरातला एकुलता फोन बाबांबरोबर कामावर गेला असेल तर त्या घरी काही पोचतच नाही. त्यापेक्षा शनिवारी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा: "या आठवड्यात 'म' आणि 'क' झाले. घरातल्या डब्यांवर, एसटीच्या पाटीवर शोधायला लावा." वाचता न येणारी आजीही ऐकते. दाराबाहेरच्या फळ्यावर दोन ओळी लिहा, न्यायला आलेले वाचतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत २०२२च्या शाळापूर्व तयारी अभियानापासूनचे माता गट चालू असतील, तर एका आईला सांगा; संध्याकाळपर्यंत वस्तीभर होतं! मात्र कुणाला किती येतं हे ग्रुपवर अजिबात नको, ते समोरासमोरच.