वेब येण्याआधी लिंकबद्दल कोणती भाकितं झाली होती, आणि त्यातलं खरं काय ठरलं?

वाचता वाचता एका मजकुरातून दुसऱ्यात उडी मारता येईल, हे भाकीत तंतोतंत खरं ठरलं. लिंक दोन्ही टोकांना दिसेल, हे मात्र झालं नाही. मला त्याचीच हळहळ वाटते.

अमेरिकन अभियंते व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५मध्ये 'मेमेक्स' नावाच्या, टेबलात बसवलेल्या यंत्राची कल्पना मांडली. मायक्रोफिल्मवर पुस्तकं, आणि त्यांतून वाचकानं स्वतः पाडलेल्या वाटा. 'हायपरटेक्स्ट', म्हणजे लिंकनी एकमेकांना जोडलेला मजकूर, हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५मध्ये वापरात आणला. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माउस हातात धरून अशा उड्या सगळ्यांसमोर मारून दाखवल्या. नेल्सन यांचा आग्रह होता की आपल्याकडे कोण बोट दाखवतंय, हे त्या पानालाही कळलं पाहिजे.

हा आग्रह मला लगेच पटतो, कारण पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी वर्षानुवर्षं पुस्तकांच्या सूचीची कार्डं लावली आहेत. प्रत्येक पुस्तकाच्या मुख्य कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरांत यादी असे: या पुस्तकाची आणखी कुठली कार्डं कपाटात आहेत. तिला आम्ही ट्रेसिंग म्हणायचो. पुस्तक बाद झालं की कार्ड उलटायचं, यादी बघायची आणि विषयाचं, शीर्षकाचं, मालेचं अशी सगळी कार्डं खणांतून काढायची. एखादं राहिलं तर वाचक ते वाचून रिकाम्या फळीपाशी जाऊन उभा राहणार!

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, आणि वेबमध्ये लिंक एकतर्फी ठेवली. समोरच्याला विचारायला नको, मध्ये कुठलं सामाईक रजिस्टर नको. म्हणूनच वेब इतकं पसरलं, आणि माझ्या मते तो निर्णय बरोबरच होता. त्याची किंमत म्हणजे '४०४', म्हणजे 'पान सापडलं नाही' हा निरोप. पान हललं तरी त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्यांना पत्ता लागत नाही.

मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी प्रबंधाचं प्रूफ घेऊन आली. तळटीपांतल्या अकरा लिंक मेलेल्या. अख्खी दुपार आम्ही दोघी वेबवरची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुन्या प्रती शोधत बसलो. सात मिळाल्या. उरलेल्या चार ठिकाणी आता मूळ पत्ता आणि तिनं ते पान शेवटचं पाहिल्याची तारीख, एवढंच आहे.