ओपनिंग पाठ होते, पण उमगत नाही : एक डाव कसा अभ्यासावा

बुद्धिबळाचे इंजिन (खेळ्या तपासणारा संगणक प्रोग्राम) लावून मोठ्या खेळाडूंचे डाव पाहतो, पण स्वतः खेळताना ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक खेळ्या, संपली की पुढे काय करावे हे सुचत नाही, असे आपण विचारले आहे. माझा सल्ला असा, की इंजिन बंद ठेवावे, खरा पट मांडावा आणि आठवडाभर एकच डाव पाहावा. त्यासाठी १९७२ साली आइसलँडमधील रेकयाविक येथे अमेरिकेचा बॉबी फिशर आणि सोव्हिएत संघाचा बोरिस स्पास्की यांच्यात झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहावा डाव मी आवर्जून सुचवतो.

एरवी ई४ (राजापुढचे प्यादे दोन घरे) खेळणाऱ्या फिशरने त्या दिवशी पांढऱ्या मोहऱ्यांनी सी४ (वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे) ने सुरुवात केली आणि डाव क्वीन्स गँबिट डिक्लाइन्ड या ओपनिंगच्या टार्टाकोव्हर प्रकारात गेला. तेराव्या खेळीला पांढरा वजीर ए३ वर येतो, तेथे पट फिरवून काळ्याच्या बाजूने बसा. सी५ वरचे प्यादे हलले, तर त्याच तिरक्या रेषेत मागे उभा असलेला ई७ वरचा काळा वजीर जातो, म्हणजे ते प्यादे पिन झाले (जागीच बांधले गेले) आहे. पुढच्याच खेळीला फिशरचा उंट बी५ वर आला आणि स्पास्कीने ए६ खेळले. परंतु त्या प्याद्याने उंट मारता येत नाही, कारण ए स्तंभ उघडताच ए८ वरचा हत्ती पडतो.

ए६ पाहण्याआधीच थांबा आणि काळ्याची खेळी स्वतः शोधून वहीत लिहा. १९७३ मध्ये नेदरलँड्समधील हिल्व्हर्सम येथे डच खेळाडू टिमनविरुद्ध हीच स्थिती आली, तेव्हा स्पास्कीचा सहायक राहिलेल्या गेलरने वजीर बी७ वर नेला. पिन सुटली आणि उंटावर हल्लाही झाला. टिमनने सी५ वरचे प्यादे मिळवले खरे, पण त्याचा राजा मध्यभागीच अडकला आणि गेलर जिंकला. ओपनिंगचा अभ्यास मी याला म्हणतो.

उरलेल्या डावात विसावी खेळी महत्त्वाची आहे. स्पास्कीने डी४ खेळताच सी४ वरून ई६ कडे जाणारी तिरकी वाट फिशरच्या उंटाला मोकळी झाली. बत्तिसाव्या खेळीपासून काळा वजीर ई८ आणि डी८ यांच्यामध्ये नुसत्या येरझारा घालतो, इतकी कोंडी झाली होती. एकेचाळिसाव्या खेळीला डाव संपला, तेव्हा खुद्द स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर बी५ वर उंट आलेली स्थिती पुन्हा मांडून एखाद्या मित्राशी दोन्ही बाजूंनी खेळा, आणि मगच इंजिन उघडा.