अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेत मॉडिफायरचे प्रश्न सारखे चुकतात, वाचताना चारही ऑप्शन बरोबरच वाटतात. काय करू?

"बरोबरच वाटतात" असं तुम्ही लिहिलंय ना, घोळ तिथेच आहे. तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं अजिबात नाही, आपला कान मराठीचा आहे एवढंच. मॉडिफायर म्हणजे वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाबद्दल जास्तीची माहिती देणारा तुकडा. मी बरीच वर्षं मुलांना हे शिकवतेय आणि चांगले मार्क काढणारी मुलंही इथे अडकतात.

"स्टेशनकडे चालत जाताना पाऊस सुरू झाला" हे वाक्य आपल्याला कुठेच खटकत नाही, कारण "जाताना" कोण आणि पुढचं वाक्य कोणाबद्दल हे वेगळं असलं तरी मराठीला चालतं. पण "वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड" हे टेस्टमध्ये चूक, कारण तिथे कॉमाच्या पुढे जो कर्ता येतो तोच चालतोय असं धरतात, म्हणजे इथे पाऊसच चालत स्टेशनला निघाला. म्हणून मनात "ताना" लावून अर्थ लावूच नका, "ऊन" लावून बघा: "स्टेशनकडे चालत जाऊन पाऊस सुरू झाला". लगेच खटकलं की नाही? "ऊन"ला सहसा दोन्हीकडे एकच कर्ता लागतो, इंग्रजीतल्या या रचनेसारखाच. ("त्याला जाऊन दोन तास झाले" असली वाक्यं वेगळी, ती सोडा.)

आता एसएटीच्या रीडिंग अँड रायटिंग विभागात प्रत्येक मॉड्यूलमध्ये (म्हणजे त्या विभागाच्या एकेका भागात) २७ प्रश्न ३२ मिनिटांत असतात, त्यामुळे चारही ऑप्शन पूर्ण वाचत बसू नका. रिकामी जागा कॉमानंतर असेल तर आधी मॉडिफायरला "कोण?" विचारायचं, उत्तर मनात पक्कं करायचं आणि मग प्रत्येक ऑप्शनचा फक्त कर्ता बघायचा.

सगळ्यात जास्त मुलं पडतात ती ॲपॉस्ट्रॉफी एसवर. "नोन फॉर हर रिसर्च ऑन रेडिओॲक्टिव्हिटी, मेरी क्युरीज वर्क..." असं सुरू होणारा ऑप्शन दिसला की मेरी क्युरीचं नाव बघून हात आपोआप तिकडे जातो, पण कर्ता तिथे "वर्क" आहे, क्युरी नाही, आणि "हर रिसर्च" कामाचा कसा असेल? "मेरी क्युरी वन नोबेल प्राइजेस इन १९०३ अँड १९११" असं असेल तर बरोबर, कारण कर्ता ती स्वतः आहे. "इट वॉज" किंवा "देअर वॉज"ने सुरू होणारे ऑप्शनही अशा ठिकाणी जवळजवळ कायम गाळता येतात.

एसीटी या तशाच दुसऱ्या प्रवेश परीक्षेत अधोरेखित भाग बदलायचा असतो, तो कधी कधी मॉडिफायरच असतो आणि पुढचं "द रेन स्टार्टेड" तसंच ठेवावं लागतं. मग मॉडिफायरलाच त्याचा कर्ता द्यायचा, "व्हाइल आय वॉज वॉकिंग टू द स्टेशन". जीमॅटची (एमबीएच्या प्रवेश परीक्षेची) जुनी पुस्तकं कोणी दिली तर सरावाला वापरा, पण जीमॅटमधून सेन्टेन्स करेक्शन (वाक्य सुधारण्याचे प्रश्न) २०२३च्या नव्या फोकस एडिशनपासून काढून टाकलंय, त्यातले इतर व्याकरणाचे डावपेच पाठ करायची गरज नाही.

वाक्याच्या शेवटचे मॉडिफायर त्यामानाने सोपे. "शी गेव्ह नोट्स टू द स्टुडंट्स इन अ ब्लू फोल्डर" यात फोल्डरमध्ये नोट्स आहेत का विद्यार्थी? मराठीत "निळ्या फोल्डरमधल्या नोट्स" म्हटलं की "मधल्या" त्या शब्दाला घट्ट चिकटतो, इंग्रजीत चिकटवायला तो तुकडा उचलून नोट्सच्या शेजारी ठेवावा लागतो.

एक मात्र बघा, नियम नवा शिकला की मुलं "हर हँड्स ट्रेम्बलिंग, शी ओपन्ड द लेटर" हेही चूक म्हणून कापतात. यात थरथरणारे हात आधीच दिलेत, त्या तुकड्याला स्वतःचा कर्ता आहे, त्यामुळे हे वाक्य बरोबर आहे, त्याला हात लावू नका.