मुलगा स्काउट पथकात संघनायक झालाय, त्याची कामं काय असतात?

शिट्टी फुंकणं हे त्यातलं सगळ्यात किरकोळ काम! पथकाचे छोटे गट म्हणजे संघ, एका संघात साधारण ६ ते ८ मुलं असतात. त्यांची हजेरी घेणं, गाठी शिकवणं, कामं वाटून देणं हे संघनायकाकडे. खरा कस लागतो तो हाईकला. मार्चच्या उन्हात देवगिरी चढायचा तर कोणाची बाटली रिकामी झाली, कोण मागं पडलं, कोणाला चक्कर येतेय, हे त्यानंच बघायचं. आणि जेवायला स्वतः शेवटी बसायचं. मानसभेत, म्हणजे पथकातल्या संघनायकांच्या बैठकीत, त्यानं संघाचं म्हणणं मांडायचं, नुसती मान डोलवायची नाही. पैसे आणि सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी मात्र स्काउट मास्तरांचीच. एवढ्याशा पोरावर ती कोणी ढकलत असेल तर सरळ शाळेत जाऊन बोला.