प्रकल्प बंद पडला, म्हणजे नऊ वर्षं वाया गेली का?

‘‘वय 33. ओसाकाजवळच्या कंपनीत बॅटरीच्या मटेरियलवर नऊ वर्षं काम करतेय. आता तिसरा प्रकल्प गुंडाळला. पीएचडी नाही. मला पुढे कोण विचारणार?’’ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सल्ला घ्यायला आलेल्या या ताईंना पहिल्या भेटीत मी एवढंच विचारलं, नक्की बिघडलं काय? ताई सांगू लागल्या. त्यांचा कार्बन ॲनोड (बॅटरीची ऋण बाजू) कॉइन सेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या नाण्याएवढ्या बॅटरीत, लिथियमच्या चकतीसमोर छान चालायचा, पण कॅथोडसमोर (धन बाजू) लावला की चार्ज-डिस्चार्जच्या पहिल्याच फेरीत क्षमता घसरायची. पहिल्या चार्जिंगला इलेक्ट्रोलाइट (दोन्ही बाजूंमधला द्रव) फुटून कार्बनवर थर बसतो आणि त्यात लिथियम अडकतं. चकतीत लिथियम मुबलक, म्हणून तूट झाकली जाते. पूर्ण सेलमध्ये ते कॅथोडमधून मोजकंच येतं. 100 भागांतले 20 अडकले, तर उरलेल्या 80 वरच सेल चालतो. हे सगळं त्यांनी कागद न बघता सांगितलं. ‘वाया गेलं’ म्हणत होत्या ते हेच!

त्यांच्या डोळ्यांसमोर लिथियम-आयन बॅटरी घडवणारे जपानी संशोधक अकिरा योशिनो होते, पण फक्त 2019 च्या नोबेलचे. 1972 मध्ये क्योतो विद्यापीठातून एम.एस्सी.च्या तोडीची पदवी घेऊन ते असाही कासेई या रसायन कंपनीत लागले आणि सुरुवातीचे तीन विषय फसले. 1981 मध्ये, 33 व्या वर्षी, पॉलिॲसेटिलीन हे वीज वाहणारं प्लास्टिक हाती घेतलं. त्याचा ॲनोड आणि समोर लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड ठेवून सेल चालला, पण पॉलिॲसेटिलीनची घनता कमी, त्यामुळे बॅटरी हलकी झाली तरी आकाराने लहान होईना. त्यांनी कॅथोड तसाच ठेवला, ॲनोडला कार्बन आणला. ते पेटंट 1985 चं. डॉक्टरेट मिळाली 2005 मध्ये, 57 व्या वर्षी. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, त्यांना कंपनीने वेळ दिला होता. घेण्यासारखं आहे ते काय टाकलं आणि काय राखलं, हे.

मग गृहपाठ दिला. दर प्रकल्पाला एक पान: उद्दिष्ट, इलेक्ट्रोडवर दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम पदार्थ, इलेक्ट्रोलाइट किती, कितव्या फेरीला घसरण, कारणाचा पुरावा, अजून वापरता येईल असं काय. पहिल्या पानावर त्यांनी नुसतं ‘अयशस्वी’ लिहिलं होतं. ते खोडून ‘पहिल्या फेरीत 80 टक्के लिथियम परत’ असं लिहायला लावलं.

पीएचडीचं म्हणाल, तर जपानमध्ये विद्यार्थी म्हणून नाव न घालताही प्रबंध सादर करायची वाट आहे. मात्र कुठली आकडेवारी बाहेर नेता येईल हे कंपनीकडून आधी लेखी घ्यावं लागतं. सध्या ताई त्याच अर्जाच्या मागे आहेत. दुसरं पानही लिहून झालंय.