वाचकांचे प्रश्न : खगोल मंडळाला वर्षभर काम पुरते का?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही दहा-बारा जण हौशी खगोल मंडळ सुरू करण्याच्या विचारात आहोत. परंतु जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी भरलेले असते आणि एरवीही पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री हाती लागत नाहीत. अशा स्थितीत वर्षभर पुरेल एवढे काम असते का? दुर्बीण आधी घ्यावी की नोंदणी आधी करावी?

उत्तर : काम वर्षभर पुरते, आणि मंडळ टिकणार की नाही हे माझ्या मते पावसाळ्यातच ठरते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करीत आहे, मुंबईचे खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास उभे राहिले, आणि या दोन्ही संस्थांना तुमच्याइतकेच पावसाळी महिने वाट्याला येतात.

पावसाळ्याचे उत्तम काम म्हणजे दुर्बिणीचा आरसा स्वतः घासणे. सहा इंच व्यासाची काच दुसऱ्या काचेवर कार्बोरंडम या कठीण पदार्थाची पूड आणि पाणी घालून घासत गेले, की वरची काच हळूहळू खोलगट होते. पूड टप्प्याटप्प्याने अधिकाधिक बारीक घेत जावी लागते आणि शेवटी पिचच्या (डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या) थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश करावे लागते. त्यानंतर आरशाचा आकार तपासणारी फूको चाचणी घेतात, ज्यात एक दिवा आणि दाढीचे पाते एवढ्या साधनांनी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका उंचसखलपणाही डोळ्यांना दिसतो. परावर्तक लेप तेवढा बाहेरून करून घ्यावा लागतो. या कामासाठी सभासद आठवड्यातून एकदा तरी एकत्र येतात, आणि ज्याने आरसा घासला आहे त्याला दुर्बिणीचे गुणदोष कोणी समजावून सांगावे लागत नाहीत.

ऑक्टोबरपासून आकाश मोकळे होते. कोजागरीला लोक आपण होऊन जमतात, म्हणून चंद्रदर्शनाचा कार्यक्रम त्याच रात्री ठेवण्याचा मोह होतो; परंतु पौर्णिमेला विवरांच्या सावल्या नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे शाळांसाठीचा कार्यक्रम शुद्ध अष्टमीच्या आसपास ठेवावा. अमावास्येलगतचा शनिवार मात्र सभासदांच्या निरीक्षणासाठीच राखून ठेवावा.

दुर्बिणीविना होणारे, तरीही खरे शास्त्रीय असे काम म्हणजे रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी. ययाती तारकासमूहातील मायावती हा तारा सुमारे २ दिवस २१ तासांनी २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद), कारण त्याचा कमी तेजस्वी जोडीदार त्याच्या आड येतो. शेजारच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करून ही घट नुसत्या डोळ्यांनी मोजता येते. २०१९ च्या अखेरीपासून मृग नक्षत्रातील काक्षी हा तारा मंदावत जाऊन फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ प्रतीपर्यंत उतरला, तेव्हा जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी व्यावसायिक शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडल्या. तारीख, वेळ, आकाशाची स्थिती आणि निरीक्षकाचे नाव असलेली नोंदवही पहिल्या रात्रीपासून ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतील उल्कावर्षाव असतो. ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांत जातो, म्हणून या रात्रीची तयारी आधीपासून करावी : प्रत्येकाने आकाशाचा एकेक भाग वाटून घ्यावा आणि उल्का पाहणाऱ्याने नजर न हलवता केवळ सांगावे, लिहिणारा वेगळा असावा. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला नारायणगावजवळील खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला लोकांची गर्दी लोटते. एखाद्या वर्षी मंडळाने तिथे सहल न्यावी, तेथील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहायला हव्यात. मार्चच्या अमावास्येला एका रात्रीत मेसियरच्या यादीतील ११० पदार्थ (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका इत्यादी) शोधण्याचा प्रयत्न करता येतो. मे महिन्याच्या ७ ते १० तारखेच्या सुमारास सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर) तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढी होते आणि मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस ऑगस्टमध्ये पुन्हा येतो, पण तेव्हा ऊन मिळण्याची खात्री नसते.

आता नोंदणीविषयी. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार किमान सात जण लागतात, तेवढे तुमच्याकडे आहेत. पण नोंदणीबरोबर हिशेब, लेखापरीक्षण आणि वार्षिक सभा यांची जबाबदारीही येते. म्हणून दुर्बीण आणि नोंदणी दोन्ही लांबणीवर टाकून पहिले वर्ष एक तारानकाशा, एक द्विनेत्री (बायनॉक्युलर) आणि नोंदवही यांवर काढावे. पुढच्या जूनमध्ये निम्मे सभासद जरी आरसा घासायला येत असतील, तर नोंदणीचा अर्ज करावा.